तीन रेघांचा सार्जंट

सार्जंटसाहेबांची शवपेटी सहा शिपायांनी खांद्यावर उचलली होती, आणि पुढे पाऊल टाकायला कोणी तयार नव्हतं. चालता सगळ्यांना येत होतं, पण हुकूम देणारं कोणी नव्हतं. छावणीतून आलेले सहाही जण बाहीवर दर्जाची एकही फीत नसलेले, कोरे शिपाई. त्यांचा कॉर्पोरल परस्पर येणार होता, तो आलाच नव्हता.

ऊन डोक्यावर आलं. पुढच्या शिपायाचा गुडघा लटपटायला लागला. मान न वळवता तो शेजारी उभ्या धाकट्याला म्हणाला, "सार्जंट, हुकूम द्या ना."

धाकटा म्हणजे सार्जंटसाहेबांचा मुलगा. नौदलात होता, जहाजाच्या धुलाईखान्यात अधिकाऱ्यांच्या सदऱ्यांना इस्त्री करायचा. निरोप मिळाला तसा गणवेशातच धावत आला होता, आणि त्या गणवेशाच्या बाहीवर तीन तिरप्या रेघा होत्या.

"मी सार्जंट नाही," तो कुजबुजला.

आत्या रडता रडता थांबली. "तीन फिती म्हणजे सार्जंटच की रे! दादाच्या बाहीवर काय वेगळं होतं?"

"आत्या, ते लष्करात. आमच्यात तीन रेघा म्हणजे नुसता खलाशी. एक रेघ नवखा, दोन रेघा शिकाऊ, तीन म्हणजे पुरता."

"म्हणजे सगळ्यात वर!"

"सगळ्यात खालच्यांत सगळ्यात वर."

आत्याला ते पटलं नाही. वडिलांना तरी कुठे पटलं होतं? दर सुट्टीत त्याची बाही चिमटीत धरून ते म्हणायचे, "माझ्या तीन फितींखाली तीस माणसं होती. तुझ्या रेघांखाली काय आहे? सदरे!" धाकटा हळूच बाही सोडवून घ्यायचा. खरोखरच सदरे होते.

त्याने आशेने मेहुण्याकडे पाहिलं. "दाजी, तुम्ही द्या हुकूम. तुम्ही हवाई दलातले, दोन फिती आहेत तुम्हाला. लष्करात दोन म्हणजे कॉर्पोरल."

"लष्करात," दाजी एक पाऊल मागे सरकले. "आमच्यात कॉर्पोरल हा प्रकारच नाही. आमच्या दोन फिती म्हणजे विमान पुसायची परवानगी. आणि नसलेला दर्जा मिरवला तर कोठडी होते बरं का."

तेवढ्यात मागचा शिपाई कण्हला आणि पेटी एका अंगाला कलली. आईने डोळे घट्ट मिटले. धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, "तुकडी, पुढे चल!"

पेटी सरळ झाली आणि चालू लागली. आत्या अभिमानाने नव्याने रडू लागली. धाकटा मागून चालताना मनातल्या मनात कोठडी पाहत होता.

दफनभूमीचं फाटक गेलं, खणलेला खड्डा समोर आला. "थांबा!" धाकटा म्हणाला. वडिलांना त्याने आयुष्यात कधी एकेरी हाक मारली नव्हती. पेटीमागे जिभेवर अहोजाहोच आलं. शिपायांना कवायतीतलं 'थांब' ठाऊक, 'थांबा' नाही. पाहुणे सगळे थांबले. पेटी खड्ड्याला वळसा घालून पुढे गेली.

"अहो थांबा! थांबा की जरा!" धाकटा धावत सुटला. जसजसा आदर वाढला, तसतशी पेटी लांब गेली.

पार टोकाला, भिंतीपाशी, दुसरं एक दफन चाललं होतं. तिथे लष्करातला एक कॉर्पोरल टोपी काखेत धरून एका मयत बेकरीवाल्याच्या शौर्याबद्दल बोलत होता. बेकरीवाल्याची बायको तोंड उघडं टाकून ऐकत होती. पेटी अंगावर येताना दिसली तसा तो गरजला, "तुकडी, थांब!"

पेटी जागच्या जागी उभी राहिली.

"हुकूम कोणी दिला होता?"

धाकटा धापा टाकत पुढे आला. कॉर्पोरलने त्याची बाही नीट पाहिली. "खलाशी ना तू? कोठडी ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. पण तुम्ही होता कुठे?"

कॉर्पोरलचा आवाज एकदम उतरला. "मला एका निवृत्त कॉर्पोरलच्या दफनाला पाठवलंय. फाटकावर म्हणाले, आज एक सार्जंट आहेत आणि एक दुसरं कोणीतरी. मग मी दुसऱ्याकडे आलो."

"चूक झाली तुमची. हे माझे वडील, सार्जंट..."

"चूक नाही झाली," मागून आई म्हणाली. ती दम खात उभी होती. "दोनच फिती होत्या त्यांना. तिसरी मी शिवली. तुझ्या ताईच्या लग्नात."

धाकटा आईकडे वळला. "आणि ती तीस माणसं?"

"माणसं खरी होती. त्यांच्या भटारखान्यात जेवायला यायची. हे वाढायचे."

धाकटा पेटीकडे बघत राहिला. राग यायला हवा होता. इतक्या सुट्ट्या, इतके सदरे! पण घशाशी आलं ते हसू होतं, आणि बाहेर पडेपर्यंत त्याचा हुंदका झाला.

तोवर आत्या आणि पाहुणे तिथवर येऊन पोचले. कॉर्पोरलने टोपी चढवली आणि आईपाशी वाकून विचारलं, "मावशी, सलामी कॉर्पोरलची देऊ की सार्जंटची?"

"फरक काय असतो?"

"काहीच नाही. बंदुकीचे बार तेवढेच."

"मग सार्जंटची द्या," आई म्हणाली. "आणि हळू बोला. नणंद ऐकतेय."