डाव्या बाजूचं वजन

"टाके निघाले म्हणजे सगळं झालं असं समजू नका, जानकीबाई. आतलं बसायला तीन महिने लागतात. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. आणि ती जागा सुजली किंवा गरम लागली, तर त्याच दिवशी इकडे यायचं. उद्या म्हणून नाही."

नर्स आनंदीबाईंचा हा आवाज वैशाखापासून जानकीबाईंच्या कानात होता. श्रावण लागला तरी तो गेला नव्हता. गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात एका गाठीपायी जानकीबाईंची डाव्या बाजूची छाती काढावी लागली होती. देवाने जीव ठेवला, एवढ्यावर त्या समाधानी होत्या. फक्त त्या जागेकडे त्यांनी अजून एकदाही पाहिलं नव्हतं. चोळी बदलायची ती दार लावून, अंधारात, डोळे मिटून.

निघताना आनंदीबाईंनी सावरीच्या कापसाची एक गोल पिशवी शिवून दिली होती. ती जखमेवर ठेवायची आणि वरून पट्टा बांधायचा, म्हणजे चोळी दोन्हीकडे सारखी दिसते. "सुरुवातीला जरा वर चढेल, मग बसेल," असंही त्या म्हणाल्या होत्या. जानकीबाईंनी वाट पाहिली. पिशवी सकाळी जागेवर असायची, दुपारपर्यंत गळ्याशी यायची. शेजारच्या सत्यनारायणाला प्रसाद वाढायला त्या वाकल्या, तेव्हा तर ती थेट खांद्यावर आली. थोरल्या जाऊबाई काशीबाई शेजारीच होत्या म्हणून बरं. त्यांनी आपला पदर टाकला आणि जानकीबाईंना माजघरात नेलं.

"अगो, ही खंय चलली? तुझ्या कानात काय सांगूक जाता?"

"आनंदीबायनी सांगलां हा, वयनी. बसतली हळूहळू."

"बसता खंयची? सावरीचो कापूस तो! वारो इलो की उडतलो. तेका वजन होया. हाड ती हय," म्हणत काशीबाईंनी पिशवीसाठी हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी काशीबाईंनी पिशवी परत आणून दिली. हातात घेतली तर चांगली भरीव लागली.

"काय घातलात गे ह्येच्यात?"

"वजन."

"कसला?"

"वजनाक नाव नसता. बांध गप."

जानकीबाईंनी बांधली. आणि खरंच, पिशवी जागची हलली नाही. वाकलं तरी नाही, जात्यावर बसलं तरी नाही. त्या संध्याकाळी त्यांनी देवापुढे एक वात जास्त लावली.

जानकीबाईंचे नेम पुष्कळ होते. चातुर्मासात कडधान्य सोडलेलं, सोमवारी एकभुक्त, आणि श्रावणभर पहाटे विहिरीवर अंघोळ करून ओलेत्यानेच तुळशीला एकवीस प्रदक्षिणा. हात वर न्यायचा नसल्यामुळे पाणी हरिश्चंद्र काढून द्यायचे. हरिश्चंद्र म्हणजे त्यांचे यजमान. मचव्यावर तीस वर्षं तांडेलकी केलेला तो माणूस आता बायकोसाठी कळशा ओढतो, हे बघायला विहिरीवर चार बायका रोज लवकर यायच्या. त्या चौघींसमोर पिशवी काढून ठेवणार कुठे? म्हणून चोळी, पट्टा, पिशवी, सगळ्यासकट अंघोळ व्हायची. प्रदक्षिणा झाल्या की अंधाऱ्या खोलीत पिशवी वरच्या वर दाबून पिळायची, आणि कोरड्या चोळीखाली तीच पुन्हा बांधायची. पावसाचे दिवस, वाळत घातली असती तरी ती वाळली नसती.

पिशवी भरून आल्याच्या चौथ्या दिवशी चोळी डावीकडे घट्ट झाली. पाचव्या दिवशी त्या बाजूचं हुकच लागेना. सहाव्या दिवशी, बुधवारी, प्रदक्षिणा घालताना अकराव्या फेरीला जानकीबाई थांबल्या. बाहेर गार पाऊस, अंगावर गार लुगडं, आणि डाव्या बाजूला ऊब. त्यांनी पदरावरून हात ठेवून पाहिला. ऊबच.

उरलेल्या दहा फेऱ्या त्यांनी पुऱ्या केल्या. मग पेज वाढली. हरिश्चंद्रांनी दुसरा घोट घेतल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "अवो, ती जागा सुजली हा. गरम लागता."

हरिश्चंद्रांच्या हातातली वाटी खाली आली.

"परत इली काय गो?"

"काय माहीत. बघूक नाय मी."

तांडेलाने वादळात शीड उतरवताना कधी घाई केली नव्हती. पण आता त्यांनी सदरा उलटा घातला, छत्री म्हणून झाडू उचलला आणि बाबलीच्या नावाने हाका मारत पावसात धावले. बाबलीची बैलगाडी दाराशी आली तेव्हा काशीबाईही पदर खोचून हजर होत्या. त्यांनी जानकीबाईंकडे एकदाच नीट पाहिलं. डावी बाजू उजवीच्या दीडपट झाली होती.

"अरे देवा," एवढंच म्हणून त्या गाडीत चढल्या.

वेंगुर्ला दोन कोस. त्या दोन कोसांत काशीबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. हरिश्चंद्रांना सुजेपेक्षा याचीच भीती जास्त वाटली.

"वयनी, बोला काय तरी," ते म्हणाले.

"मी सातेरी देवीक नारळ बोललंय," काशीबाई पुटपुटल्या. मग थोड्या वेळाने, "दोन नारळ." पूल ओलांडेपर्यंत नारळ पाच झाले होते. जानकीबाई मात्र शांत होत्या. त्या मनात देवाचं नाव घेत होत्या आणि एकच मागत होत्या: ही माणसं माझ्यापायी पुन्हा दवाखान्याच्या त्या बाकावर बसायला नकोत.

दवाखान्यात आनंदीबाईंनी दोघी जावांना आतल्या खोलीत घेतलं. "झोपा बघू. कधीपासून सूज आहे?"

"तीन दिवस झाले," जानकीबाई डोळे मिटून म्हणाल्या.

आनंदीबाईंनी चोळी सोडली, पट्टा सोडला. पावलं बाहेर गेली. पावलं परत आली, सोबत डॉक्टरीणबाईंची. डॉक्टरीणबाई वाकल्या. जानकीबाईंनी ओठ घट्ट मिटले.

"जानकीबाई," डॉक्टरीणबाई अगदी हळू म्हणाल्या, "हे पेरलंय कुणी?"

जानकीबाईंनी एक डोळा उघडला. आनंदीबाईंच्या हातातल्या पांढऱ्या तबकात ती पिशवी होती. शिवण उसवली होती, आणि उसवल्या शिवणीतून बोटाच्या पेराएवढे पांढरेशुभ्र कोंब बाहेर आले होते. हाताला अजून कोमट लागत होते.

"कुळीथ," काशीबाई भिंतीला टेकून म्हणाल्या. "मीच घातलंय. वजनाक."

जानकीबाई ताडकन उठून बसल्या. "कुळीथ? वयनी! चातुर्मास माझो!"

"म्हणानच सांगूक नाय!"

"चार म्हयने ज्येका शिवूक नाय, ते तुमी माझ्या छातीक बांधलात?"

"बांधलंय. खावक नाय घातलंय!"

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर रुमाल धरला, पण त्यांचे खांदे हलत होते. आनंदीबाईंनी तर तबकच खाली ठेवलं आणि त्या मोठ्याने हसल्या. बाहेरच्या बाकावरून हरिश्चंद्रांनी घाबरून विचारलं, "काय झालां? काय झालां?"

"मोड इले!" काशीबाई आतून ओरडल्या. हरिश्चंद्रांना त्यातून काही उमगलं नाही, पण वयनींचा आवाज परत आला हे कळलं आणि ते बाकावर टेकले.

"सूज पिशवीला होती, तुम्हाला नाही," डॉक्टरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. त्यांनी बोटांनी सगळीकडे दाबून पाहिलं, काखेतही पाहिलं. "गाठ कुठेही नाही. जखम सुंदर भरली आहे. तुम्हीच बघा."

जानकीबाईंनी मान खाली घातली. एक फिकट, सरळ रेघ. नव्या शिडावर मारलेल्या शिवणीसारखी. इतके दिवस त्यांना तिथे काहीतरी भयंकर दिसेल असं वाटत होतं.

"एवढांच?" त्या म्हणाल्या.

पदर सारखा करून त्या निघणार, तोच पलीकडच्या खोलीतून कुणीतरी हाक मारली. आनंदीबाई गेल्या, आणि येताना त्यांचा चेहरा बदललेला होता.

"सीता म्हणून एक बाई आहे, देवगडकडची. तुमच्यासारखंच ऑपरेशन, नऊ दिवस झाले. भिंतीकडे तोंड करून पडून असते. कुणाशी बोलत नाही, पेजसुद्धा घेत नाही. आज पहिल्यांदा बोलली. म्हणते, कोण हसतंय एवढं?"

जानकीबाई तबक घेऊनच आत गेल्या. सीता तिशीची असेल. तिने कोंबांकडे पाहिलं, मग जानकीबाईंच्या चोळीकडे, मग पुन्हा कोंबांकडे.

"तुमका दुखता?" तिने विचारलं.

"नाय गो. बसला सगळा. माझा तर रुजला पण."

सीता हसली. हसताना टाके ओढले म्हणून तिने तिथे हात धरला, आणि हात तिथेच ठेवून म्हणाली, "माका पण एक असली करून दिशात? पण मोड नको."

"शनवारी हाडून देतंय," जानकीबाई म्हणाल्या. "पण तोवर पेज घेवची तू."

परतताना कोंब बाबलीच्या बैलांनी खाल्ले.

शनिवारी सकाळी पूजा आटोपल्यावर जानकीबाईंनी चुलीवर खापर ठेवलं आणि त्यात दोन मुठी कुळीथ टाकले. वासाने काशीबाई मागच्या दाराने आल्या.

"ह्यां काय गो? सोडलेलो पदार्थ ना तुझो?"

"खावक सोडलंय, वयनी. भाजूक नाय."

"आणि भाजतंस कित्याक?"

"भाजलेलो रुजाचो नाय."

हरिश्चंद्र ओसरीवरून म्हणाले, "बाबलीक बोलवू?"

"नको. डॉक्टरीणबायनी चार पावलां चलाक सांगलां हा." जानकीबाईंनी गार झालेले कुळीथ नव्या पिशवीत भरले, बारीक टाक्यांनी तोंड शिवलं. पिशवी केळीच्या पानात गुंडाळली, पदराखाली घेतली, डोक्यावर इरलं घातलं आणि पावसातून वेंगुर्ल्याच्या वाटेला लागल्या.