कुंभारआळीचे तळे नकाशावर आले त्याची हकीकत

श्रीगणरायास आणि गावच्या जलदेवतेस दंडवत घालून, शके १९४६ क्रोधी नाम संवत्सरी एका नगरात जे वर्तमान घडले ते, ऐकिले तैसे लिहिले आहे. ते समयी नगरावर महापौर दौलतराव साहेब अंमल करीत होते आणि नगराबाहेर टेकडीवर विद्यापीठ होते, आणि उभयतांची तीस वर्षांत विचारपूस नव्हती. नगराचे म्हणणे, हे पंडित नुसते ग्रंथ लिहितात. विद्यापीठाचे म्हणणे, हे कारभारी ग्रंथ वाचीत नाहीत. आणि दोघेही खरेच बोलत होते. कुंभारआळीत दरसाल पावसाचे पाणी शिरे. त्या साली तर भट्टीस लागण्यापूर्वीच सारी मडकी विरघळली, आणि आळीच्या बायकांनी तो चिखल घमेल्यांत भरून महापौरांच्या गालिच्यावर आणून ठेविला. मग महापौरांनी विद्यापीठाशी तह केला की, रयतेस सोबत घेऊन आळीच्या पर्यावरणाचा आराखडा सिद्ध करावा. शिक्के जाहले, शाली जाहल्या, छायाचित्रे जाहली, आणि नगराचे वकील म्हणून नकाशेखात्याचे एकनाथराव खरमाटे नेमिले गेले.

खरमाटे गृहस्थ सरळ, अक्षर देखणे, चोवीस वर्षे नकाशे काढून पाठीस पोक आलेला, आणि निवृत्तीस सात महिने उरलेले. तितके कोणाच्या डोळ्यावर न येता जावे, एवढीच इच्छा. विद्यापीठाकडून पर्यावरणशास्त्राच्या शर्वरीबाई टिपणीस आल्या. त्यांनी शाळेच्या पटांगणात सभा भरविली, पडद्यावर रंगीत चित्रे दाखविली आणि 'सहभागात्मक नियोजन' हा शब्द एकवीस वेळा उच्चारिला. रयतेने माना डोलाविल्या, वडे खाल्ले आणि घरी गेली. खरमाटे मनी संतोषले की, आता अहवाल निघेल, कपाटात जाईल आणि आपण सुखरूप सुटू. परंतु बाई हट्टाच्या. दुसरे सभेस त्यांनी खरमाट्यांकडूनच वीस हात कापडावर आळीचा नकाशा काढवून जमिनीवर अंथरिला आणि म्हणाल्या, "ज्याच्या दारात पाणी येतं, त्यानं आपल्या दारावर एक खापरी ठेवायची. भाषण कोणी करायचं नाही." खापऱ्यांस कुंभारआळीत काय तोटा? टोपल्या भरभरून आल्या, आणि बघता बघता एका जागेभोवती खापऱ्यांचे कडे जाहले. ती जागा नकाशात 'मोकळे मैदान' ऐसी होती आणि तेथे महापौरांनी नाचते कारंजे योजिले होते.

तेव्हा आळीतील सर्वांत वडील ठकूबाई काठी टेकीत नकाशावरून चालत कड्याच्या मधोमध उभी राहिली आणि बोलिली, "हितं तळं हुतं. माझ्या सासूनं मला हितंच माती मळाया शिकवली. डबर टाकून बुजवलं, तवापास्नं पानी आमच्या दारात येतंय. अर्ज देऊन दमलो, बाई! दर बारीला ह्यांचा मानूस नकाशा उघडतो आन् म्हनतो, तळं नव्हतंच. नकाशातनं तळं पुसलं कुनी?"

कोणी पुसले ते खरमाट्यांस ठाऊक होते. नोकरीच्या पहिल्या महिन्यात जुन्या नकाशाची नक्कल करावयास मिळाली होती. तो कोपरा वाळवीने खाल्ला होता, आणि वरिष्ठांस नक्कल संध्याकाळपर्यंत हवी होती. उन्हात जाऊन जागा पाहण्याचा कंटाळा केला आणि तेथे 'मोकळे मैदान' लिहून टाकिले. अक्षर इतके सुरेख की कोणास शंका आली नाही, आणि दोन वर्षांनी त्याच नकाशाच्या भरवशावर नगराने डबर ओतला. त्या सभेनंतर तीन दिवस खरमाट्यांस अन्न गोड लागेना. पत्नी सुमतीबाई म्हणाल्या, "अहो, सात महिने राहिलेत. गप्प बसलात तर कोणाला कळणार आहे?" खरमाटे म्हणाले, "मला कळलंय ना."

पुढे भरसभेत महापौर बोलिले, "म्हातारीची आठवण म्हणजे दस्तऐवज नव्हे. पुरावा दाखवा, नाहीतर सोमवारी कारंज्याचा नारळ फुटतो." शर्वरीबाईंनी उताराची मापे मांडिली, महापौर म्हणाले, "हे तुमच्या ग्रंथात शोभेल. आमचा नकाशा मैदान म्हणतो." तेव्हा खरमाटे उठून म्हणाले, "साहेब, नकाशा खोटा आहे. मीच काढलाय." महापौर म्हणाले, "लेखी द्याल?" "आणलंय," ऐसे म्हणून खरमाट्यांनी कागद पुढे केला. महापौरांनी तो दोन वेळा वाचिला, खिडकीबाहेर उभी आळी पाहिली, येत्या निवडणुकीचा विचार केला आणि म्हणाले, "अक्षर फार छान आहे हो तुमचं. खणा तळं."

मग खरमाट्यांवर ठपका आला आणि मैदानावर कुदळी आल्या. विद्यापीठाचे पंडित बूट घालून खणावयास उतरले आणि ओळीने घसरले, ठकूबाई काठावरून ओरडे, "आरं, कुदळ हाय ती, लेखनी न्हवं!" डबराखाली काळी चिकण माती लागली तेव्हा आळीने वाजंत्री लाविली. श्रावणात तीन दिवस झड लागली. चौथे दिवशी सकाळीच खरमाटे छत्री घेऊन धावत गेले, तो तळे तुडुंब, आणि पाणी पहिल्या उंबऱ्याच्या दोन हात अलीकडे थांबलेले. पलीकडे शिंपीआळीत मात्र घोटाभर शिरले होते, सबब शर्वरीबाई तेथे नव्या नकाशाचे कापड अंथरीत होत्या. ठकूबाई दारात येऊन बोलिली, "साहेब, आत या. ह्या दिसांत चूल कोरडी असायची ही पैलीच बारी. च्या घ्या." खरमाटे आत बसले, चहा घेतला आणि डोळे पुसू लागले. धूर फार आहे, ऐसे म्हणाले. धूर नव्हता.

येणेप्रमाणे तह फळास आला. कारंजे लहान जाहले, ग्रंथ मोठा जाहला. खरमाटे ठपक्यासहित निवृत्त जाहले आणि त्यांच्या निरोपास कुंभारआळीतून इतके माठ आले की घरी न्यावयास टेंपो करावा लागला. इतके वर्तमान.