तिजोरीतलं ओलं सँडविच

मामांच्या दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘कुलपे, किल्ल्या, तिजोऱ्या’. त्याखाली, पाटी रंगवणाऱ्याने उरलेल्या रंगात कसंबसं बसवलं होतं, ‘गुन्ह्यांची उकल. चौकशी आत.’ आत चौकशीला आजवर कोणी आलं नव्हतं. मामांच्या मते कारण उघड होतं. त्यांच्या नुसत्या दहशतीने आसपासची गुन्हेगारी आटली होती.

स्वतःचं वर्णन मामा तिजोरीच्या चकचकीत दारात बघून करत, कारण त्यात ते जरा रुंद दिसत. “नजर घारीची, कान सशाचे, मेंदू...” इथे ते थांबत. मेंदूला शोभेल असा प्राणी अजून जन्मायचा होता. “माणूस दुकानात शिरला, की चपलांवरून मी त्याचा धंदा ओळखतो,” असंही ते सांगत. गेल्याच महिन्यात त्यांनी एका शल्यविशारदाला खाटीक ठरवलं होतं. तो रागावून निघून गेल्यावर म्हणाले, “फार नाही चुकलो.”

हे सगळं रोज ऐकायचं काम भाचीकडे होतं. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती नोकरीची वाट बघत मामांच्या गल्ल्यावर बसली होती. मामा तिची ओळख ‘माझी साहाय्यक’ अशी करून देत. ती स्वतःची ओळख करून द्यायचं टाळत असे.

दुकानात खरं काम करणारा एकच होता, किल्ल्या बनवणारा. त्याच्या कानामागे कायम एक कानस खोचलेली असे, म्हणून सगळे त्याला कानसच म्हणत. न उघडणारं कुलूप कानससमोर ठेवलं, की ते ओशाळून उघडायचं. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं. सासऱ्यांनी होकार दिला होता तो एकाच गोष्टीवर, नोकरी कायमची आहे म्हणून.

मामी बहिणीकडे गेली आणि गुन्ह्याला सुरुवात झाली.

पहिल्या दिवशी दुपारी मामांनी डबा उघडला, सँडविच उचललं, आणि खालचा ब्रेड डब्यातच राहिला. वर आला तो टोमॅटो आणि मामांची किंकाळी.

“ओलं!” मामा म्हणाले. “घरून निघताना कडक होतं. मी स्वतः भाजलं, स्वतः भरलं, तव्यावरून थेट डब्यात, मध्ये एक क्षणही नजरेआड केलं नाही. कोणीतरी डबा उघडून आत पाणी शिंपडलंय.”

“सँडविचवर पाणी शिंपडून कुणाला काय मिळणार, मामा?”

“माझं खच्चीकरण,” मामा म्हणाले. “उपाशी गुप्तहेर म्हणजे अर्धा गुप्तहेर.”

संशय आधी समोरच्या चष्मेवाल्यावर गेला, कारण त्याच्याकडे काचा पुसायची पाण्याची फवारणी-बाटली होती. मामांनी डब्याच्या झाकणाला रबरी कडं बसवलं. दुसऱ्या दिवशी सँडविच जास्त ओलं. मग संशय पाण्याच्या पिंपाजवळ बसणाऱ्या हिशेबनिसावर गेला. तो आठवड्यातून एकदाच येतो आणि या दोन दिवसांत आलाच नव्हता, हे भाचीने दाखवून दिलं. “तेच तर!” मामा म्हणाले. “न येऊन त्याने स्वतःवरचा संशय टाळला.” त्या रात्री त्यांनी डब्याला चिकटपट्टीचे सात वेढे दिले. तिसऱ्या दिवशी सँडविच चमच्याने खावं लागलं.

भाचीने शास्त्राचा आधार घेतला. डबा ठेवायची फळी थंड भिंतीला लागून होती, तेव्हा हवेतली वाफ डब्यावर जमून आत झिरपत असणार. तिने बाहेरून बोट फिरवलं. डबा ठणठणीत कोरडा. शेजारीच तिचा स्वतःचा डबा होता, त्यातलं सँडविचही कोरडं. म्हणजे दोष जागेचा नाही, इथवर ती बरोबर आली होती.

“तुझं कोरडं आणि माझं ओलं,” मामा डोळे बारीक करून म्हणाले. “म्हणजे गुन्हेगार तू आहेस, किंवा गुन्हेगाराला तू आवडतेस.”

तिला इतका राग आला, की पुढचा प्रश्न मनात यायचा तो राहूनच गेला. आपला डबा आई कसा भरते, एवढंच विचारायचं होतं. पदवी घेताना असले प्रश्न कोणी विचारायला लावले नव्हते.

शेवटी मामांनी दुकानातली सर्वांत भारी तिजोरी वापरायला काढली. आगीला दाद न देणारी, दार आपटलं की आपोआप कुलूपबंद होणारी. सकाळी डबा आत, किल्ली मामांच्या गळ्यात. दुपारी दार उघडलं. डबा उघडला. सँडविचची लापशी झाली होती.

मामांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. भुकेला माणूस इतका खूश झालेला भाचीने कधी बघितला नव्हता.

“ही तिजोरी किल्लीशिवाय उघडू शकणारा माणूस एकच आहे,” ते कुजबुजले, आणि कुजबूज सगळ्या दुकानाला ऐकू गेली. कानसचा हात किल्लीवर थांबला.

शनिवारी मामांनी उकल जाहीर करायची ठरवली. दुर्दैवाने त्याच वेळी दुकानात एक गिऱ्हाईक होतं. हातात भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई, दार ओढलं गेल्याने स्वतःच्याच घराबाहेर अडकलेल्या.

“आधी माझं दार,” बाई म्हणाल्या.

“बाई, इथे न्यायदान चाललंय. बसा.”

मामांनी गळ्यातली किल्ली काढून तिजोरी उघडली, डबा बाहेर काढला, कानसची हत्यारांची पिशवी ‘जप्त’ म्हणून आत टाकली, हातवारे करत दार धाडकन लावलं आणि फिरून गर्जले, “आजपासून तुझी नोकरी संपली!”

“मामा, मी पाणी शिंपडलं नाही हो,” कानस म्हणाला. “शिंपडून मला काय... लग्न आहे माझं.”

“शिंपडलं नाहीस तर ओलं कसं?”

“मामा, त्याने नाही केलं,” भाची उठून उभी राहिली. “त्याला काढलंत तर मीही येणार नाही.”

“कशाला पाणी शिंपडलं?” बाईंनी विचारलं. मामांनी मोठ्या ऐटीत डबा पुढे केला. बाईंनी चिकटपट्टीचे वेढे सोडवले, झाकण उघडलं, उलटं केलं. आतल्या बाजूला टपोरे थेंब लटकत होते.

“ब्रेड भाजता?”

“कडक!”

“आणि गरमच भरून झाकण लावता?”

“ताबडतोब. क्षणाचीही फट ठेवत नाही.”

बाईंनी त्यांच्याकडे तापात बरळणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. “अहो, गरम ब्रेडची वाफ जाणार कुठे? तुम्ही तिला रबर लावून, पट्ट्या गुंडाळून कोंडलीत. झाकणाला लागली, गार झाली, ब्रेडवर पडली. आधी गार होऊ द्यावं. दोन्ही कापांना आतून कडेपर्यंत लोणी लावावं, म्हणजे टोमॅटोचं पाणी मुरत नाही. कागदात गुंडाळावं. माझी धाकटी करते स्वतःचं, चौथीत आहे.”

भाचीने कपाळावर हात मारून घेतला. वाफेचं पाणी होतं यावर तिने अख्खा पेपर लिहिला होता. मामांचं अख्खं आयुष्य कुलपांत गेलेलं. जे वाईट ते बाहेरून येतं, यापलीकडे त्यांचा विचार कधी गेलाच नव्हता.

“हा एक तर्क झाला,” मामा म्हणाले.

“तर्क नंतर. याची हत्यारं द्या, माझं दार उघडायचंय.”

मामांनी गळ्याशी हात नेला. मग खिशाशी. मग दुसऱ्या खिशाशी. “किल्ली चोरीला गेली!”

“आत ठेवलीत, मामा,” भाची म्हणाली. “पिशवीबरोबर. हातवारे करताना.”

सगळे कानसकडे बघू लागले. कानस हलला नाही. “मी नोकरीवर नाही,” तो हळूच म्हणाला.

मामांनी छताकडे बघितलं. छताने मदत केली नाही. “तात्पुरता आहेस,” ते म्हणाले.

“कायमचा,” भाची म्हणाली.

“बरं, कायमचा! उघड!”

कानसने गल्ल्यावरची पावत्या टोचायची तार घेतली, कानामागच्या कानशीने तिचं टोक घासलं, आणि तिजोरीला कान लावून बसला. थोड्याच वेळात दार उघडलं.

“बघा, बघा!” मामा उसळले. “किल्लीशिवाय उघडतो! मी म्हणत नव्हतो?”

“उघडता येतं म्हणून काढत होतात होय?” बाई पिशवी उचलत म्हणाल्या. “उघडता येत नाही अशा माणसाला कुलपांच्या दुकानात ठेवून काय करायचं? म्हणजे, तुमच्याशिवाय.”

त्या कानसला घेऊन गेल्या. बाईंचं दार उघडून कानस परतला आणि उंबरठ्याबाहेरच थांबला. मामा भिंग लावून झाकणावरचा एक थेंब तपासत होते.

“मामा, सोमवारी येऊ ना?”

“ये. कायमचा म्हणालोय ना.” मामांनी भिंग खाली केलं नाही. “आणि त्या बाईंनी सांगितलं का, ब्रेड गार करायला ताटात ठेवायचा की जाळीवर?”

“जाळीवर म्हणाल्या. ताटात खालून घाम येतो.”

“मला माहीत होतं,” मामा म्हणाले.