अण्णांच्या 'ष्ठ'मधले बीजाणू

ज्या भांड्यावर नाव नाही ते कोणाचंच नसतं, आणि जे कोणाचंच नाही ते मन लावून कोणी घासत नाही. बंगळूरच्या आम्हा मराठी मंडळींच्या सहकारी दुग्धशाळेने हे घरगुती शास्त्र १९९४ साली थेट दुधाच्या टाकीला लावलं. मी तेव्हा तिथे सभांची टिपणं घेत असे. असा पुढारलेला काळ पुन्हा पाहिला नाही.

टाकी स्टीलची, आतून आरशासारखी, अध्यक्ष वासुदेव अण्णांनी दिलेली. बाहेर कोरलेलं नाव ऊन-पावसाने पुसट होतं, म्हणून त्यांनी चिक्कपेटच्या, भांड्यांवर नावं घालणाऱ्या सुब्बारावांना टाकीत उतरवून आतून कोरून घेतलं: 'धर्मनिष्ठ कै. कृष्णाजीराव यांच्या स्मरणार्थ, ज्येष्ठ चिरंजीव वासुदेव यांजकडून.' (दुधाला वाचता येत नाही, ही अडचण कोणी मांडली नाही.) मग बाकीच्या संचालकांनीही आपापली नावं कोरली.

पुढे मसाला दूध नासू लागलं. सकाळी बाटलीत भरावं, संध्याकाळी फाटावं. प्रयोगशाळेत नीला एकटीच. संचालकांनी तिला बजावलं, गणपतीपर्यंत दूध टिकू लागलं नाही तर तुम्हीही टिकणार नाही.

नीलाने छडा लावला. काही जिवाणू वाईट दिवस आले की जाड कवच चढवून बीजाणू होतात. दूध तापवलं तरी मरत नाहीत. पाण्याशी त्यांचं पटत नाही, म्हणून स्टीलला बिलगतात. ओरखडा मिळाला तर मुक्कामच ठोकतात, आणि टाकी धुण्याचा कॉस्टिक सोडा वरून निघून जातो. टाकीत ओरखडे होते ते फक्त अक्षरांचे. तिने अक्षरवार तपासणी केली. 'र' एका धुण्यात स्वच्छ. 'क' जरा कुरकुरला. जोडाक्षरं मात्र गच्च भरलेली.

"अण्णा, सगळ्यांत जास्त तुमच्या 'ष्ठ'मध्ये आहेत."

"कुठल्या? दोन आहेत."

"ज्येष्ठमधल्या."

अण्णांचा चेहरा स्वल्प खुलला. "आणि पिराजीच्या नावात?"

"जवळजवळ नाहीतच. जोडाक्षर नाही ना."

"वाटलंच. साधी माणसं."

दुसऱ्याच दिवशी संचालक पिराजीरावांनी सुब्बारावांना बोलावून आपल्या नावामागे 'श्रीमंत' कोरून घेतलं.

अक्षरं घासून टाकावीत यावर सभेत पूर्ण एकमत झालं. (प्रत्येकाचं, इतरांच्या अक्षरांबद्दल.) चहा दोनदा झाला. गणपती आठवड्यावर आले होते.

शेवटी नीला म्हणाली, "आतून सपाट करू, अण्णा. नावं बाहेर फाटकावर लावू. मोठी."

"मोठी म्हणजे?"

"बसमधून वाचता येतील एवढी."

"सरी, चालेल," अण्णा म्हणाले, "पण 'ज्येष्ठ' वर."

दूध टिकलं, नीलाही टिकली. बीजाणूंना जायला सांगावं लागलं, एवढंच वाईट झालं. संस्थेवर त्यांच्याइतका जीव कोणाचाच नव्हता.

एव्हाना तुम्ही मनातल्या मनात आपल्या नावातली जोडाक्षरं मोजली आहेत, हे मला ठाऊक आहे. कमी भरली असतील तर आडनाव धरून पुन्हा मोजा.