फणसाचा वास आणि माळाची सर्दी

एका जंगलात, मुलांनो, वाघ होता, पण त्याला कोणी विचारत नसे. तो बिचारा डरकाळी फोडायचा आणि लोक म्हणायचे, "जरा हळू, सामना चाललाय." कारण त्या जंगलात फुटबॉल शिरला होता.

सगळं जंगल दोन तालमींत, म्हणजे दोन संघांत, वाटलं गेलं होतं. एक वरचा माळ तालीम आणि दुसरी खालचा ओढा तालीम. माळाचे पाठीराखे कपाळाला पिवळी माती फासत आणि ओढ्याचे काळा चिखल. माळावरची खार ओढ्याकडच्या खारीशी सोयरीक करत नसे. इतर तालमीही होत्या, पण त्या हरण्यापुरत्या होत्या, म्हणून त्यांची नावं तुम्ही पाठ करू नका.

आता आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस. म्हणजे रानडुक्कर. त्याचं नाव नाकोजी, पण लहानथोर त्याला आबा म्हणत. त्याचं नाक साऱ्या जंगलात नावाजलेलं होतं. जमिनीत खोल दडलेला कंद त्याला वरून चालताना कळायचा. म्हणून जंगलाने त्याला वणव्याची राखण दिली होती. उन्हाळ्यात नाकोजीने उंच खडकावर चढून हाक दिली की तोंडातला घास टाकायचा आणि थेट डोहात उडी घ्यायची, असा तिथला रिवाज होता. कोणी "का?" म्हणून विचारत नसे. हाक ऐकली आणि जीव वाचला, असं कैक वेळा झालं होतं. नाकोजीला या कामाचा फार अभिमान वाटायचा. त्याला दुसरं येत तरी काय होतं?

आणि नाकोजी माळाचा कट्टर पाठीराखा होता. इथेच सगळा घोळ झाला.

ओढ्याच्या संघात तुरक्या नावाचं एक भेकर होतं. ते चेंडू घेऊन सुटलं की माळाचे बचावपटू एकमेकांवर आपटायचे. माळाचे प्रशिक्षक होते अस्वलमास्तर. त्यांनी सामन्याआधी खेळाडूंना जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, "तुरक्याला जो मैदानाबाहेर घालवील, त्याला बक्षीस म्हणून फणस. लंगडत गेला तर अर्धा. उचलून न्यावा लागला तर अख्खा."

मास्तरांनी तो पिकलेला फणस गोलच्या मागे पाचोळ्यात लपवून ठेवला होता. फणस लपवणारा पहिला प्राणी जगात कोण, असं तुम्हांला परीक्षेत विचारलं तर अस्वल असं लिहा.

धुडोबा नावाचा गवा माळाकडून खेळायचा. त्याने चेंडूकडे पाहिलंसुद्धा नाही. तो सरळ तुरक्याच्या पायावर गेला. तुरक्याला चार माकडांनी उचलून नेलं. मध्यंतरात धुडोबा गोलच्या मागे गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या तोंडाला चीक लागला होता आणि चिकाला वाळकी पानं. उत्तरार्ध तो तसाच, दाढी आल्यासारखा खेळला.

ओढ्याने तक्रार केली. जंगल फुटबॉल मंडळाचे अध्यक्ष गजाभाऊ हत्ती यांनी चौकशी नेमली आणि ती चिकाटेबाईंकडे दिली. चिकाटेबाई म्हणजे घोरपड. एकदा चिकटल्या की सुटत नसत.

दुसऱ्या दिवशी माळाच्या पाठीराख्यांची आंब्याखाली बैठक बसली. सगळ्यात जोरात शेपटराव बोलत होता. तो शेकरू होता आणि झाडावर बसायचा, त्यामुळे सगळ्यांपेक्षा आपल्याला वरचं कळतं असं त्याला वाटे.

"ही चौकशी आत्ताच का म्हणतो मी?" शेपटराव म्हणाला. "फायनल तोंडावर आली की बरं आठवतं यांना."

"आणि आमचीच का?" सायाळ म्हणाली. "गेल्या हंगामात त्यांच्या वानरानं माझं काटं उपटलं, तवा कुठं गेलं होतं मंडळ?"

"बाईंचं बीळ कुठं हाय, ते इचारा की," ससा म्हणाला.

"कुठं हाय?"

"ओढ्याच्या काठाला."

"झालं तर मग."

प्रश्न चांगले होते, मुलांनो. एकेक प्रश्न ऐकून आपल्यालाही वाटावं की खरंच, कसं काय? फक्त गव्याच्या तोंडाला चीक कसा लागला, एवढं कोणी विचारलं नाही.

मग चिकाटेबाई आल्या. गोलच्या मागे बसणाऱ्या सगळ्यांना त्यांनी एकच गोष्ट विचारली. "सामन्याच्या वेळी फणसाचा वास आला होता?"

"मला सर्दी झाली होती," शेपटराव म्हणाला आणि शिंकला.

"मलाबी," सायाळ म्हणाली.

"भर उन्हाळ्यात?"

"साथ आलीया, बाई," ससा म्हणाला. मग सगळा कट्टाच शिंकायला लागला.

शेवटी बाई नाकोजीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "आबा, तुमच्या एका हाकेवर अख्खं जंगल पळतं. तुम्ही जे सांगाल ते मी खरं धरीन. वास आला होता का?"

नाकोजीला वास आला होता. इतरांच्या आधी आला होता. फणस कापा नसून बरका आहे आणि तो करवंदीच्या जाळीमागच्या झाडाचा आहे, इथवर त्याला कळलं होतं. पण समोर सगळी पिवळी कपाळं त्याच्याकडे बघत होती. ज्यांच्याबरोबर जन्मभर ओरडून घसा बसवला, ती ही मंडळी. हो म्हटलं तर माळ फायनलमधून बाद होणार होता.

"सर्दी," नाकोजी म्हणाला आणि शिंकला. ते शिंकणं अगदीच वाईट जमलं होतं.

चौकशी पुराव्याअभावी संपली. माळाने नाकोजीची मिरवणूक काढली, खांद्यावर घेणं शक्य नव्हतं म्हणून पुढून ओढत आणि मागून ढकलत. त्याच्या अंगावर गुलाल पडला. त्याला मात्र आतून फार वाईट वाटत होतं आणि गुलालही नाकात जात होता.

फायनलला माळ आणि ओढाच आले, हे काही वेगळं सांगायला नको. सारं जंगल मैदानाभोवती दाटलं होतं. तुरक्या रेषेबाहेर बसला होता, दुखऱ्या पायाला निर्गुडीचा पाला बांधून. ओढा एका गोलने पुढे होता आणि माळाला कॉर्नर मिळाला होता. एवढ्यात वारा फिरला.

नाकोजीच्या नाकात धूर शिरला. वणवा. माळाच्या वरच्या अंगाने, वाळक्या गवतातून, वेगाने येणारा.

तो खडकावर चढला आणि त्याने हाक दिली. चांगली पोट भरून दिली.

कोणी हललं नाही.

"हरायला लागलं की धूर येतोय व्हय रं यांना?" ओढ्याचा वानर म्हणाला.

नाकोजीने आपल्या माणसांकडे पाहिलं. शेपटराव झाडावरून म्हणाला, "आबा, आत्ताच का? आपला कॉर्नर हाय."

"आणि आग माळाकडनंच का?" सायाळ म्हणाली. "ओढ्याकडं कधी लागत न्हाई का?"

"कुणी सांगाय लावलं तुमास्नी, ते तरी सांगा," ससा म्हणाला.

नाकोजी गजाभाऊंकडे धावला. अध्यक्षांनी सोंड हलवून सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "तुमचं नाक बंद आहे असं चौकशीत सिद्ध झालंय. ते उघडल्याचं मंडळाला अजून कळवलेलं नाही. तुम्ही रीतसर कळवा, आपण पुढच्या बैठकीत घेऊ."

नाकोजी मैदानाच्या कडेला नुसता उभा राहिला. त्याला रडू येत होतं. ओरडून सांगण्यासारखं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

तेव्हा तुरक्या तीन पायांवर उठला. "चला, आबा," तो म्हणाला. "मला धरा. एकट्याला डोहापर्यंत जमायचं न्हाई."

"तुझा इश्वास हाय माझ्यावर?"

"त्या दिवशी मी तुमच्यासमोरच पडलो होतो. उताणा. वर बघत होतो तर तुमचं नाक लाह्या फुटल्यागत हलत होतं. फणस कुठल्या झाडाचा हे बी तुमाला ठाऊक असणार. असलं नाक धुरात चुकायचं न्हाई."

मुलांनो, ज्याच्याविरुद्ध आपण खोटं बोललो तोच एकटा आपल्यावर विश्वास ठेवतो, तेव्हा कसं वाटतं हे तुम्हांला कळायला अजून वेळ आहे. नाकोजीला ते तिथल्या तिथे कळलं. त्याने तुरक्याला खांदा दिला आणि दोघे डोहाकडे निघाले.

हे ओढ्याच्या वानराने पाहिलं. "आमचा तुरक्या पळवला रं," तो बोंबलला. "माळाच्या डुकरानं आमचा तुरक्या पळवला."

ओढ्याचे सगळे पाठीराखे उठून त्यांच्यामागे धावले.

"आबा फितूर झालं," शेपटराव किंचाळला. "बघा, त्यांच्या खेळाडूला खांदा दिलाय."

माळाचे सगळे पाठीराखेही धावले. आपले पाठीराखे चाललेले बघून खेळाडू धावले. खेळाडू गेल्यावर पंच कशाला थांबतोय? गजाभाऊ एकटेच अध्यक्ष म्हणून काही वेळ बसून होते, मग तेही निघाले. डोहाच्या काठाशी नाकोजी आणि तुरक्या पाण्यात शिरले आणि त्यांना पकडायला अख्खं जंगल धबाधब पाण्यात पडलं.

तेवढ्यात वणवा माळावरून उतरला आणि मैदानावरून गेला.

कोणीही मेलं नाही. शेपटरावाची शेपटी टोकाला जळली आणि गोलचे खांब गेले. सगळे गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहून आपलं मैदान जळताना बघत होते. बराच वेळ कोणाला एकही प्रश्न सुचला नाही.

मग वारा पुन्हा फिरला आणि डोहावर एक वास आला. खमंग, गोड, भाजलेल्या आठळ्यांचा. जंगलातल्या प्रत्येक तोंडाला पाणी सुटलं. अस्वलमास्तर मात्र हळूच नाकापर्यंत पाण्यात गेले.

"फणस," नाकोजी मोठ्याने म्हणाला. "बरका. माळाच्या गोलच्या मागं. आज बी ठेवला होता. आणि बाई, त्या दिवशीबी होता. मला सर्दी न्हवती. मी खोटं बोललो."

चिकाटेबाईंनी माळाच्या पाठीराख्यांकडे पाहिलं. "तुम्हांला येतोय वास?"

शेपटराव शिंकला. सायाळ शिंकली. मग माळाचा सगळा जमाव गळ्याएवढ्या पाण्यात शिंकू लागला, आणि पाण्यात उभं राहिल्यामुळे या वेळी ते अगदी खरं वाटत होतं.

आग विझल्यावर दोन्हीकडचे पाठीराखे राखेतल्या गरम आठळ्या शोधायला मैदानावर पळाले. माळाच्या मंडळींनी जास्त खाल्ल्या. त्यांना जागा माहीत होती.

पुढच्या बैठकीत मंडळाने चौकशी नेमली. अस्वलमास्तरांची नव्हे, त्यांची एकदा होऊन गेली होती. नाकोजीची. चालू सामन्यात दुसऱ्या संघाचा जखमी खेळाडू पळवून नेणं आणि अफवा पसरवून फायनल उधळणं, असा आरोप होता.

या चौकशीवर मात्र माळाने किंवा ओढ्याने एकही प्रश्न विचारला नाही. चौकशी अशी असावी, असं दोघांचंही म्हणणं पडलं. जंगलात इतकी एकी पूर्वी कधी झाली नव्हती.

नाकोजीला मैदानावर यायची कायमची बंदी झाली. तो आता डोहाच्या काठी बसतो. तुरक्या लंगडत येतो आणि दोघे उंबरं खातात. उन्हाळा अजून संपलेला नाही, त्यामुळे नाकोजी मधूनच नाक वर करतो. तुरक्या लगेच खाणं थांबवून त्याच्याकडे बघतो.

तात्पर्य : चौकशी नेहमी दुसऱ्या संघाची करावी. ती आपल्या संघापर्यंत आली, तर वेळेवर सर्दी व्हावी. आणि वणवा लागलाच, तर तो कोणाच्या बाजूचा आहे हे कळेपर्यंत जागचं हलू नये. अगदीच पळायची वेळ आली, तर कोणाला तरी बदडायला पळावं, म्हणजे जीवही वाचतो आणि विश्वास ठेवल्याचा ठपकाही येत नाही.