मनीप्लांटवरचा लाल कोळी

हसनचाचा कुणाच्याही घरी गेले की आधी झाडाकडे जात. चपला दाराबाहेर, चष्मा कपाळावरून नाकावर, आणि मग खिडकीतल्या कुंडीसमोर वाकून एकेक पान उलटं करून बघणं. ते पुरतं झालं की म्हणत, "बरा हाय." हे झाडाबद्दल होतं की दार उघडणाऱ्याबद्दल, ते आम्हाला कधी कळलं नाही.

रत्नागिरीत नाचणे रस्त्यावर आमची तीन मजली इमारत होती. मी पहिल्या मजल्यावर, चाचा तिसऱ्यावर. त्यांची हयात मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. कायमचे घरी आले तेव्हा दोन्ही मुलगे कुवेतला होते आणि झुबेदाचाची कधीच वारल्या होत्या. मग त्यांनी इमारतीतल्या कुंड्यांचा ताबा घेतला. तो त्यांना कुणी दिला नव्हता.

नवीन रोप आणलं तर ते थेट घरात नेता येत नसे. पंधरवडाभर जिन्यातच ठेवायचं. परक्या बंदरात जहाज लागलं तरी माणसांना लगेच उतरू देत नाहीत, असं चाचांचं म्हणणं. जोशीवहिनींनी एकदा नवा गुलाब पदराआड लपवून घरात नेला. थोड्याच दिवसांत त्यांच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पसरला. फांद्यांच्या बेचक्यांत कापसाचे बारके पुंजके दिसू लागले.  चाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून दुपारभर एकेक पुंजका पुसत बसले. वहिनी मला म्हणाल्या, ओरडले असते तर परवडलं असतं.

मी माझ्या मिरचीच्या कुंडीवरच्या मुंग्यांच्या मागे लागले होते. चाचांनी सांगितलं की मुंग्यांचा काही गुन्हा नाही, त्या गोड खायला येतात. शेंड्यावर मावा बसतो, रस पितो आणि गोड चिकटा सांडतो. आधी पाण्याची जोरदार धार मारायची. तरी राहिला तर साबणाचं पातळ पाणी, तेही ऊन उतरल्यावर. मी उत्साहाने कामाला लागले आणि त्याच शेंड्यावरची एक काळी-नारिंगी काटेरी अळी चिरडली. चाचा खुर्चीवर बसले. ती ढालकिड्याची अळी होती, मावा खाऊन जगणारी.

"बाय," ते म्हणाले, "तू आपलाच खलाशी मारलास."

त्यानंतर आठवडाभर, जिन्यात भेटलो की माझ्याकडे माझ्याच घरात कुणी वारल्यासारखं बघत.

लाल कोळी हा त्यांचा सगळ्यात आवडता शत्रू, कारण तो धड दिसत नाही. पानावर बारीक पिवळे ठिपके आले की पानाखाली कोरा कागद धरून पान झटकायचं. "चालता तो कोळी, चालत नाय ती धूळ." हे वाक्य इमारतीतल्या प्रत्येकाने ऐकलेलं होतं, वीजबिल घेऊन येणाऱ्यानेसुद्धा.

दुसऱ्या मजल्यावर स्वप्नाली राहायची. नवरा मस्कतला, सासर खेडला. एका वर्षी पाचव्या महिन्यात तिच्या पोटातलं मूल गेलं. नवरा रजा काढून आला आणि रजा संपल्यावर परत गेला. सासूबाई काही दिवस राहिल्या, पण शेतीची कामं होती, त्याही गेल्या. मग तिने दार लावून घेतलं. दुधाची पिशवी दुपारपर्यंत कडीला लटकलेली असायची. आम्ही बायका आपसांत म्हणत होतो की तिला आराम पडू द्या.

एका सकाळी चाचांनी तिचं दार वाजवलं आणि ती उघडेपर्यंत वाजवत राहिले. जिन्यातून दिसणाऱ्या तिच्या मनीप्लांटवर लाल कोळी पडलाय, तो आवरला नाही तर सबंध इमारतीची झाडं जातील, असं त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच जाहीर केलं. पानं रोज ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसायची. मधूनमधून साबणाच्या पाण्यात कडुलिंबाचं तेल घालून फवारायचं. आणि रोज कुणीतरी जाऊन तपासायचं. कुणीतरी म्हणजे आम्ही बायका. चाचांनी आम्हाला पाळ्या लावून दिल्या.

माझ्या पाळीला मी जाऊन कागद धरायचे. स्वप्नाली आधी नुसती बाजूला उभी राहायची. मग एकदा म्हणाली की अलीकडे झोप लागत नाही. मग एकदा बाळाचं नाव काय ठरवलं होतं ते सांगितलं. कागदावर मात्र काहीच चालत नव्हतं.

शेवटी मी वर गेले. चाचा गॅलरीत शेवंतीवर फवारत होते.

"चाचा, तिच्या झाडावर कोळी नाहीच."

"नाय," ते म्हणाले. "नव्हताच कधी."

त्यांनी फवारणं थांबवलं नाही. फवारता फवारताच सांगितलं. झुबेदाचाची गावच्या घरी तापाने पडल्या तेव्हा ते समुद्रावर होते आणि मुलगे कुवेतला. दार बंद दिसलं, लोकांना वाटलं माहेरी बुरोंडीला गेली असेल.

"पायरीवरच्या कुंड्या सुकल्या, तेव्हा कोणाच्या तरी ध्यानात आला."

दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. चाचांना तार मिळाली ती पुढच्या बंदरात.

मग त्यांनी विचारलं, उद्या पाळी कुणाची. मी म्हटलं, माझी. खरं तर ती जोशीवहिनींची होती.

दुसऱ्या दिवशी मी स्वप्नालीला चेहरा सरळ ठेवून सांगितलं की कोळी कमी झालाय, पण अजून काही आठवडे लक्ष ठेवावं लागेल. तिने माझ्याकडे नीट बघितलं, मान डोलावली आणि चहाचं आधण ठेवलं, तीन कपांचं.

"चाचा वर एकटेच असतात," ती म्हणाली. "हाक मारता का त्यांना?"

चाचा आले ते इस्त्रीचा सदरा घालून. खुर्चीच्या कडेवर बसले. चहा ओतता ओतता स्वप्नालीने विचारलं, चाची बांगड्याचं कालवण कसं करायच्या. चाचा सांगू लागले. खोबरं कसं वाटायच्या, मातीचंच भांडं कसं लागायचं, वास पार खालच्या वाडीपर्यंत कसा जायचा. स्वप्नाली मन लावून ऐकत होती.

"आणि कोकमाची सोलं किती घालायच्या?"

चाचांनी कप खाली ठेवला.

"ता मला नाय म्हायती," ते म्हणाले. "मी घरी सुट्टीपुरताच असायचो."