जुमाचं टाकं आणि सासूची शाल

माणसाने नोकरीतून मोकळं व्हावं, पण घरी बसून लगेच शहाणं होऊ नये. जुमाने दोन्ही एकाच आठवड्यात केलं.

जेर्बा बेटावरून पलीकडच्या किनाऱ्याला जाणाऱ्या बोटीची तिकिटं फाडण्यात त्याचा जन्म गेला. नोकरी संपली, तसं त्याने जेवताना कुसकुसच्या ताटातलं सलगम उचललं, उजेडात धरून पाहिलं आणि जाहीर केलं, की बाजारची भाजी या घरात बंद. मागच्या अंगणात वाफे काढायचे, गच्चीवरचा पाऊस अंगणाखालच्या टाक्यात साठवायचा, आणि त्याच पाण्यावर भाजी. नळाचा थेंब लावणार नाही.

"खिडकीतला पुदिना तुझ्या हातून जगला नाही, जुमा," त्याची बायको सालिहा एवढंच म्हणाली.

इथवर ठीक होतं. पण जुमाच्या जिभेला ब्रेक नाही. लेक वसीलाला मागणी घालायला पलीकडच्या किनाऱ्यावरची मंडळी वसंतात येणार होती. त्या दिवशी ताटात फक्त आपल्या पावसावर पिकलेली भाजी असेल, असं तो कॉफीच्या दुकानात सांगून बसला. ही बढाई पाहुण्यांपर्यंत पोचलीसुद्धा. (त्याच्याच बोटीतून गेली.) आता माघार घेतली असती, तर मुलीच्या बापाचा शब्द म्हणजे वारा, असं झालं असतं.

भिंतीला भिंत लागून सासूचं घर. हज करून आलेली, म्हणून सगळे तिला हाजीबाई म्हणत. तिने जावयाला भिंतीवरूनच धडा दिला. पहिला पाऊस गच्ची धुतो. धूळ आणि कबुतरांची घाण टाक्यात घ्यायची नसते. गच्चीवरून टाक्यात उतरणाऱ्या भोकात चिंधीचा बोळा मारायचा, म्हणजे पाणी पन्हळीतून बाहेर जातं. गच्ची धुतली, की बोळा काढायचा. एवढं तर कोंबडीलाही कळतं, असंही ती वर म्हणाली.

जुमाने टाक्यात उतरून ते स्वतः घासलं. गच्चीला चुना दिला, तेव्हा गच्चीइतकाच तोही पांढरा झाला. आणि एका दुपारी आभाळ एकदम काळं झालं. धावत वर गेला, तर चिंधी खालीच राहिलेली. दोरीवर लोकरीचं काहीतरी वाळत होतं. ते ओढलं, गुंडाळलं, भोकात कोंबलं आणि टाचेने ठोकून बसवलं. पाऊस कोसळला. गच्ची आरशासारखी झाली. ही बातमी सांगायला जुमा भिजलेल्या कपड्यांनिशी कॉफीच्या दुकानात गेला. बोळा काढायचा राहिला, तो राहिलाच.

त्या हिवाळ्यात पाऊस भरभरून पडला. अंथरुणात पडल्या पडल्या जुमा कान देई. "ऐकतेयस? टाकं भरतंय."

"आवाज भिंतीपलीकडून येतोय," सालिहा म्हणे.

"पाणी खोल पडलं, की तसंच वाटतं."

टाक्याचं झाकण मात्र तो कुणाला उघडू देईना. बरकत झाकलेली बरी, म्हणे.

सालिहाला वेगळीच चिंता होती. आईने मक्केहून आणलेली शाल तिच्याकडे धुवायला दिलेली, ती दोरीवरून नाहीशी झाली होती. तिने पेट्या उपसल्या, शेवटी वाऱ्याच्या माथी मारलं. हाजीबाई टोमणा मारायला चुकत नव्हती. समुद्र ओलांडून सुखरूप आलेली शाल लेकीची दोरी ओलांडू शकली नाही, म्हणायची. पण जावयाशी ती अचानक गोड झाली. ताजी भाकरी काय, तेलाची बाटली काय. शाल गेली तर गेली, जावई सोन्यासारखा आहे, असं शेजारणींना सांगू लागली. इतक्या वर्षांनी म्हातारीचे डोळे उघडले, असं जुमाला वाटलं.

वसंत आला. पाऊस थांबला. वाफ्यातली रोपं माना टाकू लागली, आणि पाहुणे तर आठवड्यावर आले. जुमाने बिस्मिल्ला म्हणून झाकण उघडलं, पोहरा सोडला.

ठण्ण.

पुन्हा सोडला. पुन्हा ठण्ण. कंदील खाली सोडून पाहिलं, तर तळ लख्ख, त्यानेच घासलेला. एक पाल तेवढी वर बघत होती.

सालिहा शिडीने गच्चीवर गेली. खाली आली, तेव्हा हातात काळं, लाकडासारखं कडक काहीतरी होतं. झालरीवरून ओळख पटली.

"ही आईची शाल," ती म्हणाली. "आणि हा तुझा बोळा."

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. "जुमा, लेका, इकडे ये जरा. गाजरं उपटायला माणूस हवाय."

जुमा गेला आणि दारातच थबकला. त्याच्या पन्हळीचं पाणी जिथे पडायचं, तो सासूचा पडीक कोपरा हिरवागार झाला होता. मुठीएवढी सलगमं, मटारच्या लगडलेल्या वेली, गाजरांची दाटी.

"स्वतःच्या टाक्यात न घेता हिवाळाभर सासूच्या परसात पाणी सोडणारा जावई मी तरी पाहिला नाही," हाजीबाई म्हणाली. "प्रत्येक नमाजाला तुझं नाव घेतलंय."

जुमाने घसा साफ केला. "माझं कर्तव्यच होतं, आई."

पाहुण्यांच्या ताटात तीच भाजी पडली. मुलाच्या बापाने बोटं चाटून विचारलं, बाग कुणाची? जुमा ताटातलं सलगम उलटंपालटं करू लागला. हाजीबाई शांतपणे म्हणाली, "वाफे माझे, पण पाऊस याच्या गच्चीवरचा." शब्द राहिला. वसीलाचं ठरलं. जुमाने तीनदा वाढून घेतलं.

शाल सालिहाने गरम पाण्यात भिजवून भिजवून मऊ केली आणि पेटीच्या तळाशी सापडली, म्हणून आईला दिली. हाजीबाईने ती नाकाशी धरली. चुन्याचा वास आला असणार. मग नीट घडी घालून ती खांद्यावर टाकली.

उन्हाळा सरला. पुन्हा पहिले ढग आले. जुमा गच्चीवर सज्ज उभा होता. हातात धुतलेली चिंधी, आणि तिला बांधलेल्या सुतळीचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला, विसरायला नको म्हणून. भिंतीपलीकडून एक काठी हळूहळू वर आली. काठीच्या टोकाला शाल.

"त्या चिंधीने काय होणार, लेका," खालून हाजीबाई म्हणाली. "ही घे, हिला त्या भोकाची सवय आहे. आणि यंदाही काढायची घाई करू नकोस. कोबी लावतेय."